अत्तर लावलेले हात

आमच्याकडे कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्याच्या हाताला आधी अत्तर लागतं, मग त्याला खुर्ची मिळते. ही रीत कुणी घालून दिली ठाऊक नाही, पण मी ती कधी मोडू दिली नाही. उलट तिच्यात माझी एक भर घातली. पहिलं अत्तर स्वतःच्या हातावर. एकदा एका दुकानदाराने भेसळीचा माल दिला होता आणि प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीचा हात भाषणं संपेपर्यंत टोमॅटोसारखा लाल झाला होता. तेव्हापासून जे पाहुण्याला लावायचं ते आधी मला. त्या सवयीने माझं काय केलं, ते सांगायला बसले आहे.

मी वैजयंती तगारे, निवेदिका. सांगली-मिरजेकडे बावीस वर्षं माईकपुढे उभी आहे. पुस्तक प्रकाशन, नागरी सत्कार, पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव, काही म्हणा. पण माझं खरं काम म्हणजे 'आधारवेल'चा मदतमेळावा. मिरजेतलं हे डायलिसिस केंद्र डॉक्टर कुरुंदवाडकरांनी उभं केलं. मूत्रपिंडं कामातून गेलेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्रातून धुवून काढावं लागतं. पाळी चुकली की पाणी अंगात साठतं, आधी पायात, मग छातीत. हे सगळं तिथे फुकट व्हायचं. म्हणजे लोक द्यायचे म्हणून फुकट व्हायचं, आणि लोकांनी द्यावं म्हणून मी बोलायची.

तिथल्या बाराव्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ भालचंद्र बसायचा. आमचा भालू. कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला, लग्न न केलेला, तोंडाचा फटकळ. माझे यजमान गेले तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, "तुझ्या घराच्या कड्या ढिल्या झाल्यात ताई. कुणीतरी पायजे की." कड्या त्याने तासाभरात बसवल्या आणि राहिला तो राहिलाच. पुढे पाच वर्षांनी त्याची मूत्रपिंडं गेली. खाजगी दवाखान्याचा खर्च आम्हा दोघांना मिळून झेपला नसता. सरकारी योजनेतल्या पाळ्या भरलेल्या होत्या. त्यामुळे आधारवेलची ती खुर्ची म्हणजे त्याचा जीव, हे आम्ही दोघं जाणून होतो आणि त्याबद्दल कधी बोलत नव्हतो.

'पाझर' आलं ते चार वर्षांपूर्वी. पुण्याच्या एका कंपनीने अर्चिता बोंद्रे नावाची मुलगी पाठवली. तिशीच्या आतली, हुशार, कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. तिने आम्हाला टिकलीएवढी एक पारदर्शक चकती दाखवली. माणूस आतून हलला की त्याच्या कातडीला न दिसणारा घाम सुटतो. ओलसर कातडीतून वीज जरा सहज वाहते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतरही बदलतं. चकती एवढंच मोजते आणि कोपऱ्यातल्या संगणकाला, म्हणजे पाझरला, कळवते. संगणकापाशी चाळीस हजार हातांच्या नोंदी असतात, म्हणजे कुठला हात किती ओलावल्यावर खिशाकडे गेला याच्या. हा क्षण सहा-सात सेकंद टिकतो. मग माणसाला घरचं वीजबिल आठवतं. त्या सहा-सात सेकंदांतच त्याचा फोन थरथरला पाहिजे आणि त्यावर त्याला झेपेल, पण किंचित टोचेल एवढा आकडा आला पाहिजे.

"पण तो माणूस दयेने हललाय की भीतीने, हे कसं कळतं?" मी विचारलं होतं.

"फरक पडत नाही मॅडम," अर्चिता म्हणाली. "मन कुणाला कळतं? आम्हाला हात कळतो."

चकती बसवायची कुठे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. मनगटाला पट्टा बांधला की लोक सावध होतात. तो प्रश्न मीच सोडवला. म्हटलं, आमच्याकडे दारातच हात पुढे करायची पद्धत आहे. अर्चिता टाळी वाजवून हसली. मग अत्तराच्या थेंबाबरोबर चकती बसू लागली. निमंत्रणपत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात तशी सूचना असायची, पण पत्रिकेची मागची बाजू वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या कानात एक बटण असायचं. "हळू." "नाव घ्या." "थांबा." एवढंच ते बोलायचं. मी थांबले की सभागृहात फोन थरथरायचे. कुणाला कुठे बसवायचं तेही पाझर ठरवायचं. दोन साडू शेजारी शेजारी बसवले तर दोघांचाही हात सैल सुटतो, हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. पहिल्याच मेळाव्याला तीन वर्षांची देणगी एका सकाळीत आली. डॉक्टरांनी व्यासपीठावरच डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू?

मग पाझर शिकत गेलं. बारा रुग्णांची माहिती सांगितली तर हात कोरडे राहतात, एकाच रुग्णाची सांगितली तर ओलावतात. म्हाताऱ्यापेक्षा बाई बरी, बाईपेक्षा मूल, मुलापेक्षा मुलगी, आणि मुलगी सात ते नऊ वर्षांची. जत तालुक्यातली आठ वर्षांची जुई आमच्याकडे यायची, तिला मी व्यासपीठावर उभी केली. भालूने तिला लेथवर पितळी भोवरा करून दिला होता. तो तिने हातात धरला होता. पाझरच्या पडद्यावर डोंगर उभा राहिला. पुढच्या वर्षी जुई अंगाने भरली, हसरी दिसायला लागली, तर डोंगराची टेकडी झाली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली. जुईची पाळी चालू राहिली, एवढं मात्र खरं.

लोक द्यायचे, पण मुलांसाठीच द्यायचे. फोनवर ज्या मुलीचा चेहरा दिसला तिच्यासाठीच ते पैसे वापरायचे, अशी अट असायची. आधारवेलला रंगीत भिंतींचा नवा बालविभाग झाला. आणि मोठ्या माणसांची संध्याकाळची पाळी, जिच्यासाठी कुणाचाच हात ओलावत नव्हता, ती बंद करायचं ठरलं.

"सरसकट नाही बंद करत, बाई," डॉक्टर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "ज्या मोठ्या रुग्णाला स्वतःचा पालक-दाता मिळेल त्याची पाळी राहील. अर्चिता प्रत्येकाच्या गोष्टीची आधी थोड्या माणसांपुढे पूर्वचाचणी घेईल. भालचंद्ररावांची गोष्ट तुम्हीच सांगा. तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?"

मलाही तसंच वाटलं होतं.

पूर्वचाचणी बुधवारी सकाळी केंद्राच्या सभागृहात झाली. वीस माणसं बोलावली होती. निवृत्त शिक्षक, बँकेतल्या बायका, औषधवाले. दारात अत्तर होतं. मी सवयीने आधी माझा हात पुढे केला, मग एकेकाच्या हाताला लावत गेले. भालू इस्त्रीचा शर्ट घालून व्यासपीठावर बसला होता. सुया टोचून टोचून फुगलेली त्याच्या डाव्या हाताची शीर सगळ्यांना दिसत होती. अर्चिताने त्याला बजावलं होतं, काका, विनोद करू नका.

मी जीव तोडून बोलले. आमची आई लवकर गेली तेव्हा भालू सोळा वर्षांचा होता. मी बारावीच्या पुढे शिकावं म्हणून तो शाळा सोडून कारखान्यात लागला, ते मी सांगितलं. पहिल्या पगारातून मला शाईचं पेन आणलं, ते सांगितलं. कानात बटण बोलत होतं. हळू. नाव घ्या. थांबा. मी थांबत होते, मनात एक-दोन-तीन-चार मोजत होते, पुन्हा बोलत होते. शेवटी मी भालूला विचारलं, "यंत्रावर बसल्यावर काय वाटतं?"

"कंटाळा येतो," भालू म्हणाला. "चार तास छताकडं बघायचं. तिथं एक पाल हाय, ती पण कंटाळलीय."

दोघं-तिघं हसली. अर्चिताने कपाळाला हात लावला.

माणसं चहाला गेली आणि आम्ही तिघं पडद्यापाशी राहिलो. वीस-एकवीस रेघा, एकाखाली एक. कुठे एखादा उंचवटा, बाकी सपाट. अर्चिता समजुतीच्या सुरात बोलत होती. पन्नाशीचा पुरुष पाहिला की लोकांना वाटतं, यानेच स्वतःचं काहीतरी करून घेतलं असेल, काकांचा दोष नाही, आकडेवारीच तशी आहे. भालूचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तीस वर्षं मोजमापात गेलेला माणूस, तो रेघा वाचत होता.

"ही सगळ्यात वरची कुणाची गं? एक नंबर. एवढी सरळ?"

अर्चिताने यादी पाहिली. अत्तर लावल्याच्या क्रमाने हातांना नंबर पडायचे. "एक नंबर म्हणजे..." ती अडखळली. "वैजयंती मॅडम. नेहमी एक नंबर त्यांचाच असतो."

मला आधी काही उमगलंच नाही. मग मी ती सरळ रेघ पुन्हा पाहिली.

"आणि त्या जुईच्या वेळची हाय का? हिचीच?" भालूने शांतपणे विचारलं.

मी 'नको' म्हणायच्या आत त्या पोरीने कळ दाबली. तिला वाटलं असेल, तांत्रिक शंका आहे. पडद्यावर माझी दोन वर्षांपूर्वीची रेघ आली. ती चांगली वीतभर उंच चढली होती. भालूने शर्टाची बाही खाली ओढली आणि शीर झाकली.

"चल ताई," तो म्हणाला. "जेवायची वेळ झाली."

घरी मी ताट वाढलं आणि तिथेच त्याच्यापुढे बसले. म्हटलं, "भालू, मी कामावर होते रे. कानात ते बटण बोलत होतं, मी सेकंद मोजत होते. त्यात हात कसा ओला होणार?"

"ठाऊक हाय की मला. बाबा गेल्याचा फोन आला तवा मी लेथवर होतो. जॉब पुरा केला, मशीन पुसलं, मगच घरी आलो. तुला आठवतंय? तू मला काय बोलली नव्हतीस." त्याने भाताचा घास घेतला. "पण जुईच्या येळी पण तू कामावरच होतीस की."

मी त्याच्या ताटात आमटी वाढली. अनोळखी पोर पाहून गलबललं आणि ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली त्याची गोष्ट सांगताना काहीच झालं नाही, ते का? अर्चिताने नंतर सांगितलं की रोज डोळ्यांपुढे असलेल्या दुःखाला हात सरावतो. असेल. तिच्या विज्ञानाने मला समजावलं, पण समाधान झालं नाही.

दोन दिवसांनी अर्चिता घरी आली. तिने वाट काढली होती. भालूला एकटं दाखवायचं नाही. जुईला शेजारी बसवायचं आणि भालू तिचा मामा आहे, तिच्या औषधपाण्याचं तोच बघतो, मामा गेला तर पोर उघड्यावर पडेल, असं सांगायचं. पाझरने अंदाज दिला होता. वीसपैकी पंधरा हात.

"जुईला मामा नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. पण तो दिसायला धडधाकट आहे."

मी होकार दिला. क्षणभरही थांबले नाही. खोटं तर खोटं, पण माझा भाऊ जगत होता.

भालू मात्र मान हलवत राहिला. एरवी माझ्या शब्दाखातर तो मामाच काय, आजोबा व्हायलाही तयार झाला असता आणि वर चार टोमणे मारून सगळ्यांना हसवलं असतं. पण त्याने ती रेघ पाहिली होती.

"तुझा भाऊ म्हणून कुणाला काय वाटलं न्हाई, तुला पण न्हाई," तो म्हणाला. "आता जुईचा मामा म्हणून वाटणार. मग माझं काय राहिलं त्यात? न्हाई ताई. मला नको."

"अरे, मशीन आहे ते! चुकतं!"

"मोजायच्या हत्याराला दोष देऊ नये," भालू म्हणाला आणि भांडी घासायला उठला. त्या दिवशी पाळी माझी होती, तरी त्यानेच घासली.

मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. जुईच्या आईला घेऊन आले. तिनेही हात जोडले. तो हसला, त्याने पोरीच्या भोवऱ्याची आर घासून धारदार करून दिली, पण व्यासपीठावर यायला तयार झाला नाही. महिनाअखेर त्याची पाळी बंद झाली. सरकारी योजनेत आठवड्याला एकच पाळी मिळाली, तीही दूर. त्याचे पाय सुजले, मग चेहरा. उशांचा ढीग करून तो बसल्या बसल्या झोपायला लागला. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मी त्याच्यासाठी ताक घुसळत होते. आतून खोकल्याचा आवाज यायचा थांबला. मी गेले तेव्हा तो उशांना टेकून छताकडे बघत होता.

तेराव्यानंतर डॉक्टर आणि अर्चिता भेटायला आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग डॉक्टर म्हणाले, "बाई, विचारू नये, पण अकरा माणसं आहेत अजून. त्यांच्याही पाळ्या बंद झाल्यात."

पाझरने नवीन अंदाज दिला होता. माणूस नको. रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल, बाजूला फोटो, आणि गोष्ट बहिणीच्या तोंडून. मोठ्या माणसासाठी सभागृह ओलावण्याची ती एकच मांडणी त्याला सापडली होती. अर्चिता मान खाली घालून बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. ती रडून आली होती हे मी मान्य करते.

मी हो म्हटलं. अकरा माणसांची नावं मला पाठ होती.

मेळाव्याच्या दिवशी दारात अत्तराची कुपी घेऊन उभी राहिले. हात पुढे करू की नको? करू नये असं बुद्धी सांगत होती. पण मला बघायचं होतं. मी केला.

गोष्ट तीच सांगितली. शाळा, लेथ, शाईचं पेन. एक शब्द नवा घातला नाही. पाल सुद्धा सांगितली, लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. कानात बटण बोलत होतं. हळू. नाव घ्या. मी नाव घेतलं, "भालू", आणि मग मला पुढचं वाक्य आठवेना. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माईकवरचा हात निसटत होता, इतका तो ओला झाला होता. समोर शाल घातलेली खुर्ची होती. मला तिच्यापाशी जाऊन बसायचं होतं, जमिनीवर, बाकी काही नको होतं.

तेवढ्यात कानात आवाज आला. "हात क्रमांक एक, सर्वोच्च. सभागृह पाठोपाठ. आता मागा."

आणि मी मागितलं.

सगळीकडून फोन थरथरल्याचा आवाज आला. मेळाव्याच्या इतिहासात तेवढं कधी आलं नव्हतं. पडद्यामागे अर्चिता रेघांकडे बघत उभी होती. "मॅडम, हीच गोष्ट, हेच शब्द," ती म्हणाली. "तेव्हा हे का नाही झालं?"

"तेव्हा तो जिवंत होता," मी म्हटलं.

संध्याकाळची पाळी भालचंद्र म्हेत्रे यांच्या नावाने पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी गेले. बारा खुर्च्या, अकरा माणसं. बाराव्या खुर्चीवर शाल, हार घातलेला फोटो आणि पितळी भोवरा, तो जुईने आणून ठेवला होता. ती खुर्ची तशीच ठेवायची, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं म्हणून विचारलं तर कुणाचंच नाव पुढे येईना. देणगीदारांना आवडतं, डॉक्टर म्हणाले. आणि पाझरच्या अहवालात शेवटी एक ओळ होती, अर्चिताने मला ती बोटाने दाखवली, वाचून दाखवायचा धीर तिला झाला नाही. दरवर्षी एक खुर्ची रिकामी असावी.

बाहेरच्या बाकावर प्रतीक्षायादीतली माणसं बसली होती. एकोणीस नावं. मी बाराव्या खुर्चीवरचा फोटो उचलला, शालीची घडी घातली, भोवरा पर्समध्ये टाकला आणि दारातून पहिलं नाव पुकारलं. "पांडुरंग हजारे!"

"मॅडम," अर्चिता हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी काय दाखवणार?"

"पुढच्या वर्षी बघू."

हजारे आत आले. साठीचे, दाढी वाढलेले, पाय सुजलेले. धाप लागल्यामुळे खुर्चीत बसायलाच त्यांना मिनिट लागलं. आभार वगैरे काही नाही. परिचारिकेने सुई टोचली तेव्हा तिच्यावर डाफरले. मग वर बघून मला म्हणाले, "ओ बाई, गार लागतंय. पंखा बंद करा की."

मी पंखा बंद केला. हाताच्या मागच्या बाजूला अजून ती चकती होती, मेळाव्यापासून काढायची राहिली होती. मी बोट फिरवून पाहिलं. हात कोरडा होता.